रंगसाहेबांचं गाव

गावाचं नाव मी लिहिणार नाही. मारिबोर शहरातून सकाळी निघालेली बस जेवणाच्या आधी तिथे पोचते, भोवती द्राक्षांचे मळे आहेत आणि मधोमध कांद्याच्या घाटाच्या कळसाचं चर्च आहे, एवढ्यावर भागवून घ्या. तसली गावं त्या मुलखात पुष्कळ आहेत. नाव का नाही, ते पुढे कळेलच.

युगोस्लाव्हियाहून परत येऊन वर्ष होत आलं. तिकडच्या कापडगिरण्या बघायला आमच्या गिरणीने दोघांना पाठवलं होतं, रंगखात्यातून मला आणि विणाईखात्यातून बाबूलालजींना. इंदूरला उतरल्यावर लोकांनी दोघांनाही प्रवास विचारला. मी यंत्रांबद्दल सांगितलं, तर लोक जांभया देत उठले. बाबूलालजींनी तिकडच्या गाई, गवत वाळवायचे लाकडी मांडव, म्हाताऱ्यांचे मिशा पिळायचे प्रकार यांवर सराफ्यात, रात्री खाण्याच्या गाड्या लागतात तिथे, उभ्या उभ्या असं काही सांगितलं, की जिलबीवाल्याचं कढईवरचं लक्ष उडालं. मला ते बघवलं नाही. आडपडदा कशाला ठेवू? या माणसाचं काहीच मला गेल्या कित्येक वर्षांत बघवलेलं नाही.

त्याचं मूळ रंगसाहेबांत आहे. दुसऱ्या लढाईच्या आधी आमच्या गिरणीत एक रंगमास्तर आले होते. नाव अंतोन, पण सगळे रंगसाहेबच म्हणत. बोलणं जर्मन म्हणून लोकांच्या लेखी ते जर्मन. गाव मात्र त्यांचं जर्मनीत नव्हतं. ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या राज्यातलं ते एक लहानसं कोर्टाचं गाव होतं. आसपासच्या खेड्यांचे दावे तिथे चालत. खेडी सगळी स्लोव्हेन बोलणारी, आणि गावातले काही दुकानदार नि कचेरीतली मंडळी तेवढी जर्मन. साहेबांचे वडील त्या कोर्टात कारकून होते. मी त्यांना सांगितलं, ‘माझे वडील देपालपुरच्या कचेरीत शिरस्तेदार होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळी मालवी.’ साहेब म्हणाले, ‘मग तुला समजेल.’ आणि त्यांनी मला जर्मन शिकवायला घेतलं.

पाळी सुटली की आम्ही कृष्णपुऱ्याला नदीकाठच्या समाधी-छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसत असू. नदीचं पाणी ज्या रंगाचं वाहत येई त्यावरून कुठल्या गिरणीने कुठला हौद सोडला ते साहेब ओळखत, आणि त्या रंगाचं जर्मन नाव मला विचारत. चुकलो की रागावत नसत, नुसते गप्प बसत. ते जास्त लागे. बाबूलालजी जर्मनचं एक अक्षर शिकले नाहीत. ते रविवारी तिखट सेवेची पुडी घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जात, आणि दोघांच्या हसण्याचा आवाज पार रस्त्यावर येई. मला भाषा मिळाली, त्यांना हसणं मिळालं. या वाटणीत मी फसलो असं मला तेव्हाही वाटे.

लढाई लागली तसं सरकारने साहेबांना शत्रूचा माणूस म्हणून छावणीत नेलं. परत आले ते खोकला घेऊन, आणि इंदूरलाच वारले. बहिणीबद्दल सांगत असत: मारिया, धाकटी, गावातच असते. म्हणून या प्रवासात माझ्या पेटीत एक लाल रुमाल होता. तो लाल साहेबांचा. तो तसा पक्का काढणं आता इंदुरात मला एकट्याला येतं. बहिणीने तो रुमाल उजेडात धरावा आणि म्हणावं, हा अंतोनचा रंग. म्हणजे अंतोनने आपलं जे काही इंदुरात ठेवलं ते कोणापाशी ठेवलं, याचा एकदाचा निकाल लागेल. बाबूलालजींच्या समोर लागेल. एवढ्यासाठी मी सात समुद्र ओलांडले, यंत्रं हे निमित्त.

मारिबोर

आमच्याबरोबर दुभाषी म्हणून वेराबाई होत्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, तिशीच्या, केस आखूड कापलेल्या. पहिल्याच दिवशी गिरणीतल्या रंगमास्तरांशी मी जर्मनमध्ये बोललो. सगळं बिनचूक. मास्तरांना समजलं हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. उत्तर मात्र त्यांनी वेराबाईंकडे बघून स्लोव्हेनमध्ये दिलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच.

‘इंग्रजी बोललात तर बरं,’ वेराबाई हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंना स्वतःच्या दुभाषीपणाची काळजी आहे. दुसऱ्याच्या मनात मत्सर दिसायला मला कधी वेळ लागत नाही.

तिकडे विणाईखात्यात बाबूलालजींनी डबा उघडला होता. इंदूरची लौंग सेव.

‘लो भिया, चखो. डरो मत, काटती नहीं.’

एका दांडग्या फिटरने मूठभर तोंडात टाकली आणि त्याचे कान लाल झाले. मग तो हसायला लागला, मग सगळेच. कोणीतरी बिअर आणली. संध्याकाळपर्यंत बाबूलालजींना ‘डोबर दान’ म्हणजे नमस्कार एवढा एक शब्द येत होता आणि अख्खं खातं त्यांना ‘बाबू, बाबू’ म्हणत होतं. मला माझ्या आडनावाने हाक मारायचा एकाने प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

जेवणात मक्याच्या पिठाचा जाड सांजा आला, वर चरबीचे तळलेले तुकडे.

‘अपना मक्की का घाट है, भाऊसाहेब,’ बाबूलालजी म्हणाले. ‘ऊपर का मत देखो, नीचे-नीचे का खा लो.’

‘तुम्ही खा.’

‘मैं तो ऊपर का भी खाऊँगा. परदेस में जात की छुट्टी.’

वेराबाईंनी माझ्यासाठी दही मागवलं. आपल्याकडच्यापेक्षा पातळ, पण आंबट झकास. पाव, दही आणि जळफळाट यांवर माझं पोट भरलं.

जुनं कोर्ट

रंगसाहेबांच्या गावाचं नाव मी काढलं तेव्हा वेराबाईंनी हातातली वही मिटली. त्या त्याच गावच्या निघाल्या. मारियाला ओळखतही होत्या. लहानपणी तिच्याकडे शिवण शिकल्या होत्या. त्यांनी आधी निरोप धाडला आणि शनिवारी आम्हाला घेऊन निघाल्या.

जूनचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं फुलली होती आणि बसमध्ये मधासारखा वास भरला होता. शेतात गवत वाळत घातलेले ते लाकडी मांडव, बिनभिंतींच्या घरासारखे. बाबूलालजी प्रत्येक मांडवाला खिडकीतून मान वळवत होते. ‘देपालपुर में ऐसा एक लगवा दूँ तो बारिस में कड़बी बच जाए.’ मी डोळे मिटून जर्मन वाक्यं जुळवत होतो.

कोर्टाची इमारत पिवळी, दुमजली, दाराला दगडी पायऱ्या. खाली आता सहकारी संस्थेचं बियाणं आहे, वर शिवणाची शाळा. कोर्ट केव्हाच दुसऱ्या शहरात गेलं. दारावर पूर्वी दोन भाषांतली पाटी होती, तिची भोकं तेवढी भिंतीत आहेत. त्या पायऱ्यांवर उभ्या राहून वेराबाईंनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, शाळेत धडा सांगावा तसं.

बादशहाच्या वेळी न्यायाधीश जर्मन. खेड्यातले शेतकरी टोपी हातात घेऊन उभे राहायचे आणि स्वतःच्याच दाव्यात काय चाललंय ते दुभाषाच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. पहिली लढाई झाली, बादशाही गेली. कोर्ट स्लोव्हेन झालं. जे कारकून होते ते शिकाऊ उमेदवार झाले, उतारवयात नवी भाषा लिहायला शिकले. रंगसाहेबांचे वडील त्यांतले. मग दुसऱ्या लढाईत जर्मन फौज आली आणि पुन्हा सगळं पालटलं. स्लोव्हेन कुटुंबांना याच पायऱ्यांसमोर उभं करून घराबाहेर काढलं. गावातल्याच काही जणांनी पुढे होऊन घरं दाखवली. वेराबाई तेव्हा शाळकरी होत्या, आईवडिलांबरोबर एक बोचकं घेऊन मालगाडीत. फौज हरली, आणि तिसऱ्यांदा पालटलं. आता जर्मन बोलणाऱ्यांना काढलं, घरं दाखवणाऱ्यांना आणि न दाखवणाऱ्यांनाही.

‘मारिया राहिली,’ त्या म्हणाल्या. ‘नवरा स्लोव्हेन होता, भट्टीवाला. जर्मन फौजेशी जंगलातून लढणाऱ्यांना पाव पोचवायचा.’

मग बाबूलालजी पायरीवर टेकले.

‘हमारे बापू भी ऐसी ही सीढ़ी के नीचे खड़े रहते थे,’ ते मला म्हणाले. ‘देपालपुर में, नीम के नीचे. अंदर तुम्हारे बाबा साहब से मराठी में बतियाते, और हम बाहर से मुँह देखते कि जमीन गई कि रही. मैंने तुम्हारी मराठी वहीं सीखी.’

इतकी वर्षं एका गिरणीत काढली आणि हे मला ठाऊक नव्हतं.

‘तुम्हाला मराठी येते?’

‘समजते सगळी. वाचतो पण,’ ते चक्क मराठीत म्हणाले. ‘बोललो की तुम्ही चुका काढणार. म्हणून नाही बोलत.’

मला हसता आलं नाही. आमच्याकडे संस्थान गेलं, मध्यभारत आलं, हद्दी बदलल्या, साहेब बदलले. कोणी कोणाला मालगाडीत घातलं नाही. माझे वडील देपालपुरातच वारले आणि खांदा द्यायला मालवी शेतकरीच होते. त्यांत बाबूलालजींचे बापू असतील का, असं मनात आलं. विचारलं नाही.

निघताना वेराबाईंनी मला थांबवलं. ‘बाजारात मारियाशी जर्मन बोलू नका. तुम्हाला वाटेल, इथे कोणाला कळणार. इथे ती भाषा सगळ्यांना कळते, म्हणूनच बोलू नका. ती कोण आहे हे गावाला ठाऊक आहे. ती उंबऱ्याबाहेर ती भाषा काढत नाही आणि गाव विसरल्यासारखं करतं. एवढ्यावर तिचं सगळं चाललंय. तिने जेवायला बोलावलंय. घरात, दार लावून, हवं तेवढं बोला.’

मी हो म्हणालो. हे नीट लिहून ठेवतो: मला सांगितलं होतं, मला समजलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

शनिवारचा बाजार

चर्चसमोरच्या चौकात बाजार. चेरी, लोणी, कोवळे कांदे, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. भाव करणं आपल्यासारखं नाही, आवाजच नाही. मारियाबाई एका कोपऱ्यात भोपळ्याच्या बियांचं तेल विकत होत्या. किरकोळ अंगाच्या, साठीच्या. साहेबांचंच कपाळ.

तेल बघून मी थबकलो. साहेब रंगखात्यात सांगायचे, आमच्याकडे एक तेल आहे, बाटलीत लाल आणि बशीत हिरवं. आम्हाला वाटे थट्टा करताहेत. मारियाबाईंनी गिऱ्हाइकासाठी बशीत थेंबभर ओतलं, आणि खरंच, हिरवंगार. बाटली उजेडात धरली तर गडद लाल. हे मला सांगायचं होतं, की तुमच्या भावाने हे सांगितलं होतं आणि आम्ही मानलं नव्हतं. वाक्य तयार होतं. मी ‘डोबर दान’ म्हणालो आणि गप्प राहिलो.

मारियाबाईंनी करंगळी तेलात बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. बाबूलालजी एकदम हसले. त्यांनी टोपलीपाशी बूड टेकलं, हवेतल्या हौदात करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटून मान डावीकडे वळवली आणि थुंकल्यासारखं केलं. मग पाठीत किंचित वाकून, पाय फेकत चार पावलं चालून दाखवली. हुबेहूब रंगसाहेब, हौदातला रंग चाखताना. आमच्या रंगखात्यातले साहेब दिसले मला, त्या परक्या चौकात.

मारियाबाईंचा हात तोंडावर गेला. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी बाबूलालजींच्या गालावर तळवा ठेवला आणि ठेवूनच दिला. शेजारची चेरीवाली बाईसुद्धा हसत होती.

खिशात रुमाल होता. थोडा वेळ कळ काढायची होती. घर जवळच होतं, जेवण मांडलेलं असणार, दार लावलं की तिथे माझंच राज्य होतं. पण तो तळवा त्या गालावर होता. रविवारचं ते हसणं पुन्हा रस्त्यावर ऐकू येत होतं, आणि मी पुन्हा रस्त्यावर.

मी जर्मनमध्ये म्हणालो, ‘बाई, तुमच्या भावाचा शिष्य मी आहे. हा नाही. मी.’

मोठ्याने म्हणालो. छत्र्यांच्या पायऱ्यांवर साहेबांनी शिकवलं होतं तसं, प्रत्येक अक्षर सुटं.

चेरीवालीचं हसू गेलं. पलीकडचा लोणीवाला वळून बघायला लागला. मारियाबाईंनी हात काढून घेतला. माझ्याकडे बघून त्या स्लोव्हेनमध्ये काहीतरी बोलल्या. वेराबाईंना ते मला सांगावं लागलं नाही, सूरच तसा होता: मला तुमची भाषा कळत नाही. मग त्या एकेक बाटली टोपलीत ठेवायला लागल्या. बाजार अजून भरातच होता. चेरीवालीने स्वतःची पाटी उचलली आणि वीतभर दूर ठेवली. वीतभरच.

बंद खिडकी

जेवण झालं नाही. वेराबाई मारियाबाईंच्या घरी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘ती भेटणार नाही.’ आणखी काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी त्यांचा ऋणी झालो असतो. बस सकाळची होती. खानावळीच्या अंगणात आम्ही दोघे बसलो.

‘क्यों किया, भाऊसाहेब?’

‘राहवलं नाही.’

‘किस बात का?’

इतकी वर्षं जे गिळलं ते मी तिथे बोललो. साहेब तुमच्याशी हसायचे. माझ्याशी कधी हसले नाहीत.

बाबूलालजी बराच वेळ डब्यातली उरलेली सेव बोटाने गोळा करत राहिले. ‘मेरे से हँसते थे,’ ते म्हणाले, ‘और जब मैं पूछता कि साहब, रंग कैसे पकड़ता है, तो बोलते, वो तेरे बस का नहीं, उस पंडित से पूछ. हर इतवार सुनता था. तुमको लगता है मुझे मजा आता था?’

त्यांनी डबा बंद केला आणि हात पुढे केला.

‘लाओ, रूमाल दो.’

रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असताना ते मागच्या गल्लीने एकटे गेले आणि बस सुटायच्या आत परत आले. सांगितलं ते असं: ऐन उन्हाळ्यात घराची खिडकी लावलेली होती. म्हातारीने त्यांना आत घेतलं. रुमाल घेऊन ती फटीतून येणाऱ्या उजेडापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मग जवळ येऊन कानाशी काहीतरी बोलली. यांना कळेना, म्हणून पुन्हा बोलली. पाठ होईपर्यंत बोलली. यांनी म्हणून दाखवलं तेव्हा मान हलवली आणि बोटाने खानावळीच्या दिशेला दाखवलं.

‘सुनो,’ बाबूलालजी म्हणाले आणि बसच्या दारात उभे राहून, शाळेतल्या पोरासारखे डोळे मिटून, त्यांनी एक जर्मन वाक्य म्हटलं. ज्या भाषेचं एक अक्षर ते शिकले नव्हते तिचं अख्खं वाक्य, तिच्या कुजबुजीसकट.

‘क्या बोली?’

‘धन्यवाद म्हणाली.’

‘इतना लंबा धन्यवाद?’

‘जर्मनमध्ये लांब असतो.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडची जागा मला दिली.

बाबूलालजी सराफ्यात तिकडच्या गाई सांगतात, मांडव सांगतात, मिशा सांगतात. हे गाव त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मी मात्र त्या बसपासून त्यांच्याशी खोटा आहे. हे मराठीत लिहिलंय, आणि ते मराठी वाचतात. तेव्हा बाबूलालजी, ती म्हणाली होती: त्याला सांग, आपली भाषा हळू बोलायची असते.

‘आपली’ म्हणाली. तिची आणि माझी. त्या एका शब्दासाठी मी गेलो होतो. तो माझा एकट्याचा राहावा म्हणून तुम्हाला धन्यवाद सांगून वाटेला लावलं. आणि तो मला आणून दिला होता तुम्ही.

या रविवारी घरी या. सेव मी आणून ठेवतो. आपण मराठीत बोलू. मी चुका काढणार नाही.